हे पान कराडमध्ये उत्तम दिसते

हणमंतराव डुबल वारले त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि या दोन वर्षांत ते एकदाही ओरडले नव्हते. उज्ज्वलाबाईंना नेमकं हेच खटकलं.

सकाळचा चहा घेऊन त्या रोजच्यासारख्या खिडकीपाशी बसल्या होत्या. समोरच्या पडद्यावर नवऱ्याचं स्मृतिपान उघडलेलं होतं. हणमंतराव हसत होते, गच्चीवर पतंग उडवत होते, "उज्ज्वला, चहा झकास झालाय" म्हणत होते. बाई बघत राहिल्या आणि एकाएकी त्यांनी कप खाली ठेवला. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसानं चहाला झकास म्हटलं असेल ते फार तर दोनदा, तेही पाहुण्यांसमोर. एरवी "साखर काय कारखान्यानं फुकट वाटलीया?" हा त्यांचा रोजचा अभिप्राय. तो हणमंत गेला कुठं?

"सोबती," त्यांनी कानातल्या मण्याला विचारलं, "ह्यांचा रागावलेला एखादा व्हिडिओ दाखव बरं."

"त्यानं आपल्याला त्रास होतो, उज्ज्वलाताई," सोबती मधाळ आवाजात म्हणाला. "गेल्या वर्षी असा एक व्हिडिओ पाहताना आपली नाडी जलद झाली होती. त्यापेक्षा महाबळेश्वरची सहल पाहू या का?"

"नाडी जलद होणारच. नवरा होता तो माझा," बाई म्हणाल्या.

सोबतीनं महाबळेश्वर दाखवलं. तिथंही हणमंतराव हसतच होते. खरं तर त्या सहलीत घोडेवाल्याशी भांडून त्यांनी आख्खा पॉइंट डोक्यावर घेतला होता.

आता हे स्मृतिपान काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. वेबसाइट नावाची वस्तू त्या काळात जवळजवळ संपली होती. पूर्वी माणसं पानाकडे जायची, आता पान माणसाकडे यायचं, आणि या सगळ्या येण्याला लोक 'ओघ' म्हणायचे. ओघात कुठलंच पान तयार ठेवलेलं नसे. फोटो, आवाज, पत्रं, निरोप असा नुसता कच्चा माल साठवलेला असे. तुम्ही मागितलं की त्या क्षणी, तुमच्यापुरतं, पान घडे आणि तुमची नजर हटली की विरून जाई. कानातला मणी नाडी मोजे, पडदा, मग तो भिंतीवरचा असो की तरुण मंडळी डोळ्यात बसवतात तो पारदर्शक, डोळ्यांच्या बाहुल्यांवर लक्ष ठेवी. जे पाहून तुम्ही नजर वळवलीत ते पुढच्या वेळी थोडं कमी व्हायचं, जिथं रेंगाळलात ते थोडं वाढायचं. पदरचं खोटं एक अक्षरही घालत नाही, असं ओघवाल्या कंपन्या शपथेवर सांगत आणि ते खरं होतं. ओघ फक्त निवडत असे. पण तांदूळ रोज निवडायला घेतले तर खडे संपल्यावर माणूस जरा वेगळ्या रंगाचा तांदूळही काढायला लागतो, तसं झालं होतं. दोन वर्षांत उज्ज्वलाबाईंच्या पानातला हणमंत निवडून निवडून पांढराशुभ्र झाला होता.

बाईंना यातलं कळायचं, कारण त्यांचं उभं तारुण्य पानं बनवण्यात गेलं होतं.

त्या बावीस-तेवीस वर्षांच्या असताना कराडच्या एसटी स्टँडजवळ हणमंत डुबल नावाच्या तरुणानं नेट कॅफे उघडला. प्लायवूडच्या चार खोपट्या, प्रत्येकीला पडदा, भिंतीवर 'वेळ संपल्यावर उठावे' अशी पाटी. मोडेम जोडणी करताना किंचाळायचा तेव्हा रस्त्यावरची माणसं आत डोकावून बघायची. निकालाच्या दिवशी तर रांग थेट रसवंतीगृहापर्यंत जायची. उज्ज्वला तिथं ईमेल उघडून घ्यायला गेली आणि वेबसाइट शिकून बाहेर पडली. शिकवायला कुणी गुरू नव्हता. त्या काळी शिकायची रीतच निराळी होती. कुणाचंही पान आवडलं की उंदराचं उजवं बटण दाबायचं आणि त्याचा सोर्स बघायचा. आतली सगळी लिखावट उघडी दिसायची, ती उतरवून घ्यायची, नाव-गाव बदलायचं, की झालं आपलं पान तयार. कुणी कुणाला चोर म्हणत नसे. आख्खी दुनिया एकमेकांच्या वह्या बघून पास होत होती.

मग उज्ज्वलानं गावातल्या दुकानांच्या वेबसाइटी केल्या. सराफाला नाव सरकतं हवं असायचं, मंगल कार्यालयवाल्याला सनई आपोआप वाजायला हवी असायची. किती लोक येऊन गेले ते दाखवणारा काउंटर तर सगळ्यांनाच लागायचा, आणि तो शून्यापासून सुरू केलेला कुणालाही खपायचा नाही. "पाच हजारापासनं चालू करा ताई, रिकामं दुकान बरं दिसत न्हाई," असं म्हणायचे. हणमंत गल्ल्यावर बसून हे सगळं ऐकायचा आणि खोपटीत येऊन तिच्यावर ओरडायचा, की खोटे आकडे लावू नकोस. ती म्हणायची, गिऱ्हाईक तुमचं नाही, माझं आहे. असं वर्षभर भांडल्यावर दोघांनी लग्न केलं.

पुढे मोबाइल आले, कॅफे बंद पडला, त्याच जागेत हणमंतराव झेरॉक्स काढू लागले, ऑनलाइन अर्ज भरून देऊ लागले. वरच्या मजल्यावर घर आणि खाली ती खोली, अशी व्यवस्था शेवटपर्यंत राहिली.

पण सकाळच्या त्या चहानंतर बाईंना जो घोर लागला तो नवऱ्याच्या रागाचा नव्हता. त्यांच्या मनात आलं, माझं पान असं गुळमट झालंय तर पोरांची कशी झाली असतील?

पोरं दोन. थोरली केतकी, नागपुरात फिजिओथेरपिस्ट. धाकटा रणजित, रॉटरडॅमच्या बंदरात क्रेनना अक्कल पुरवणारी प्रणाली लिहायचा. लहानपणी दोघं एका ताटात जेवायची आणि त्याच ताटावरून भांडायची. पप्पा गेल्यापासून मात्र ती एकमेकांशी बोलत नव्हती. कारण एवढंच, की हणमंतराव शेवटच्या दुखण्यात तीन आठवडे हॉस्पिटलात होते आणि रणजित आला तो एकदम शेवटच्या दर्शनाला. केतकी म्हणाली, "पप्पा शेवटपर्यंत दाराकडे बघत होते." रणजित म्हणाला, "पप्पांनीच मला येऊ नको म्हणून सांगितलं." केतकी म्हणाली, "पप्पा असं म्हणणं शक्यच नाही." त्यावर रणजित तडक विमानतळावर निघून गेला.

घरोघरी मातीच्या चुली. अशी भांडणं होतात आणि वर्षभरात निवतातही. हे निवलं नाही. उज्ज्वलाबाईंनी दोघांना आळीपाळीनं समजावून पाहिलं. केतकी म्हणायची, "आई, तू त्याचीच बाजू घेणार." रणजित म्हणायचा, "आई, तू ताईचीच बाजू घेतेस." म्हातारपणी बाईंना एकच भीती होती. आपण असेपर्यंत ही दोघं निदान आपल्याशी तरी बोलतील, आपल्यामागं एकमेकांना कुणीच राहणार नाही.

त्या दिवशी त्यांनी केतकीला फोन लावला. "तुझ्या पानात पप्पा काय करतात गं? वाचून दाखव."

"काय करतात म्हणजे? गॅलरीत उभे असतात, आई. रस्त्याकडे बघत. मी शाळेतून यायची तेव्हा उभे राहायचे तसे. शेवटी हॉस्पिटलात उशी उंच करून दाराकडे बघतात. मला म्हणतात, रण्या आला न्हाई." केतकीचा आवाज भरून आला. "रोज हेच असतं. रोज थोडं जास्तच."

मग रणजितला. तो म्हणाला, "माझे पप्पा मस्त असतात गं. मला बंदरातल्या क्रेनबद्दल विचारतात. स्टँडवर कुणाला तरी सांगतात, माझं पोरगं जहाजं उतरवतंय. आणि शेवटच्या फोनला म्हणतात, येऊ नगंस, मला काय धाड भरलीया?"

"दाराकडे बघतात का?"

"छे, दार कुठंय माझ्या पानात?" रणजितनं विचारलं.

फोन ठेवता ठेवता बाईंना सगळं उमगलं. पोरीला रडू यायचं तिथं तिची नजर खिळायची, म्हणून ओघानं तिला वाट बघणारा बाप वाढून दिला. पोराला अपराधी वाटायचं तिथून तो नजर काढून घ्यायचा, म्हणून त्याला नुसता खूश बाप मिळाला. एकाच माणसाच्या दोन फाकी करून एकेकाला एकेक दिली होती, आणि दोघंही आपल्या फाकीला आख्खं फळ समजून बसली होती. बरं, भांडून तरी मोकळं व्हावं, तर ओघानं तीही सोय ठेवली नव्हती. सोबती मधे असला की चढलेला आवाज खाली आणून पोचवायचा. केतकीनं सुरुवातीला भावाला चार खरमरीत निरोप धाडले होते, ते त्याच्या कानात पडले ते 'ताईला आज बरं वाटत नाहीये' असे. अशा माणसाशी भांडणार तरी काय?

उज्ज्वलाबाई उठल्या, पदर खोचला आणि खालच्या खोलीचं कुलूप काढलं.

कॅफेतला शेवटचा कॉम्प्युटर तिथं अजून होता, आणि नुसता होता असं नव्हे, चालत होता. त्याचं श्रेय खंडेनवमीला. हणमंतराव दर खंडेनवमीला त्याला हळदीकुंकू लावून झेंडूची माळ घालत, आणि पूजा केलेलं यंत्र बंद ठेवणं बरं नव्हे म्हणून दिवसभर चालू ठेवत. त्यासाठी वर्षभर मरमर करून कुठून कुठून सुटे भाग आणत. ते गेल्यावर बाईंनीही नेम मोडला नव्हता. कुंकवाचे थर चढून त्या डब्याचा पुढचा भाग लालभडक झाला होता.

बाईंनी बटण दाबलं. पंखा घरघरला. पडदा उजळला.

साधं वेबपान म्हणजे काय हे आता कुणाला सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं, पण सांगावं लागतं. ती एक फाइल असते, बाकी काही नाही. एका यंत्रावर ती पडून असते आणि तिला एक पत्ता असतो. पत्ता टाकून जो येईल त्याला तिची हुबेहूब प्रत मिळते. एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाच्या फळ्यासारखं हे असतं. आमदार येवो नाहीतर हमाल, फळ्यावर पाटणची गाडी सगळ्यांना एकाच वेळेची दिसते, आणि ती चुकली की सगळे एकाच फळ्याला शिव्या देतात. फाइलमध्ये मजकूर असतो आणि मधूनमधून खुणा असतात, त्यांना टॅग म्हणायचं. इथून मथळा सुरू, इथं संपला. इथून परिच्छेद, इथं संपला. प्रत्येक खूण उघडायची तशी आठवणीनं मिटायची. बस्स, एवढंच शास्त्र.

बाईंनी पहिली ओळ लिहिली, नवऱ्याचं नाव ठळक अक्षरांत यावं म्हणून खूण उघडली, आणि मिटायची विसरल्या. पान उघडून बघतात तर नावापासून शेवटपर्यंत सगळाच मजकूर जाडजूड. त्यांना हसू फुटलं. हणमंतराव जन्मभर असेच बोलले होते. त्यांनी ती चूक तशीच राहू दिली.

लिहायला मात्र चार दिवस लागले. गोड गोड आठवणी भराभर उतरल्या. हॉस्पिटलातल्या त्या दुपारपाशी आल्यावर हात थबकला. हे लिहिलं तर केतकी दुखावेल, ते लिहिलं तर रणजित कोसळेल. मनाचा कौल होता की दोन्ही गाळावं. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपणही आता ओघाचंच काम करायला निघालोय. बाईंनी डोळे पुसले आणि सगळं लिहिलं.

सांगलीत काही हौशी मंडळी जुन्या पद्धतीची पानं एका यंत्रावर जिवंत ठेवायची. त्यांनी आनंदानं जागा दिली. बाईंनी पत्ता दोन्ही पोरांना पाठवला आणि देवापुढं दिवा लावून वाट बघत बसल्या.

केतकीचा फोन लगेच आला. "आई, किती सुंदर लिहिलंयस! पप्पांचं वाट बघणं तुलाही दिसत होतं तर. मी म्हणत नव्हते?"

"आणि रणजितच्या फोनचं वाचलंस का?"

"कुठल्या फोनचं?"

पाठोपाठ रणजित. "आई, वाचलं गं. जहाजाचं काय झकास लिहिलंयस. पप्पांना माझा अभिमान होता हे तूच लिहिलंस ते बरं झालं. ताईला वाचायला लाव."

"अरे, भिंतीचं वाचलंस का?"

"कसली भिंत?"

बाईंनी कपाळावर हात मारला. पान एकच होतं, जिथल्या तिथं होतं, त्यातलं अक्षरही बदललं नव्हतं. पण हल्ली पान कोण वाचतो? सोबती वाचतो आणि मालकाला सांगतो. त्यानं इमानेइतबारे खडे निवडून काढले होते. चार दिवसांचं लिहिणं पालथ्या घड्यावर पाणी.

पोरांना 'मणी काढून वाच' म्हणून सांगावं, तर हा निरोपही मण्यातूनच जाणार, आणि डोळ्यातला पडदा कसा काढणार? एक आख्खी पिढी अशी होती की जिला उघडं पान वाचायची सवयच उरली नव्हती. बाई दोन दिवस खालच्या खोलीत बसून विचार करत होत्या. समोर हणमंतरावांनी जपलेलं एक जुनं पान उघडं होतं, उज्ज्वलानं नव्या नवरीच्या उत्साहात सराफासाठी केलेलं. त्याच्या तळाशी तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे एक चौकोनी बिल्ला होता. त्या काळी एका ब्राउझरमध्ये नीट दिसणारं पान दुसऱ्यात पार विस्कटायचं, म्हणून बनवणारे तळाशी लिहायचेच की हे पान अमुक ब्राउझरमध्ये, अमुक आकाराच्या पडद्यावर उत्तम दिसते. गिऱ्हाइकाची सोय बघायची सोडून गिऱ्हाइकालाच अटी घालायच्या, असा सगळा आडमुठा कारभार होता.

बाईंना तो आडमुठेपणा एकदम फार आवडला.

त्यांनी सांगलीच्या यंत्रावरून सगळं पान काढून घेतलं आणि खालच्या कॉम्प्युटरवर ठेवलं. त्या कॉम्प्युटरची बाहेर जाणारी तार उपटून टाकली. सांगलीच्या पत्त्यावर फक्त एक बिल्ला ठेवला, आणि त्यावर एकच ओळ: 'हे पान कराडमध्ये उत्तम दिसते.'

या ओळीत सोबतीला निवडण्यासारखं काहीच नव्हतं. त्यातून दोन अर्थ निघत नव्हते आणि कुणाची नाडी जलद व्हावी असाही एक शब्द नव्हता. ती जशीच्या तशी नागपूरला पोचली, जशीच्या तशी रॉटरडॅमला पोचली.

"म्हणजे काय, आई?" केतकीनं विचारलं.

"म्हणजे ये."

"रणजित येणारे का?"

"त्यालाही तिथं हेच दिसतंय," बाई म्हणाल्या. "शब्दाचा फरक नाही."

दुसऱ्या वर्षीच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी दोघं आली, वेगवेगळ्या रिक्षांनी. जिन्यात गाठ पडली तेव्हा "कशी आहेस" आणि "बरीय" एवढंच बोलणं झालं. दोघांचे सोबती त्यांच्या कानात सबुरीचं काहीतरी गुणगुणत असणार. बाई स्टीलचा पोह्यांचा डबा घेऊन दारात उभ्या होत्या. खालच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर चपलांची जागा होती, तिकडं बोट करून म्हणाल्या, "चपला तिथं काढायच्या. कानातलं आणि डोळ्यातलं इथं डब्यात."

"आई, अगं मी ते काढत नाही. झोपताना पण..." रणजित चाचरला.

"आता काय झोपायचंय तुला? टाक डब्यात."

केतकीनं काढलं, मग त्यानंही काढलं. बाईंनी झाकण घट्ट लावून डबा फळीवर ठेवला. मणी काढल्यावर दोघं जरा बावरल्यासारखी झाली. रस्त्यावरचा एसटीचा कर्णकर्कश भोंगा ऐकून रणजित दचकला.

कॉम्प्युटरसमोर कॅफेतलं जुनं बाकडं होतं, दोघांपुरतं. बाई मागं स्टुलावर बसल्या. पान उघडलेलं होतं. पांढऱ्या पाटीवर काळी, जाडजूड अक्षरं.

"एवढं ठळक का केलंयस?" केतकीनं विचारलं.

"वाच," बाई म्हणाल्या.

दोघं वाचू लागली. केतकीचा वाचायचा वेग जास्त, ती उंदराचं चाक फिरवून पान खाली न्यायची, रणजित वर आणायचा. "थांब की ताई, माझं व्हायचंय." "किती हळू वाचतोस रे!" घोडेवाल्याच्या भांडणापाशी दोघांनाही हसू आलं, पण एकमेकांकडे न बघता. मग ती खालच्या परिच्छेदापाशी आली.

'शेवटच्या आठवड्यात रणजितचा फोन आला. हे म्हणाले, येऊ नगंस, मला काय धाड भरलीया? आवाज अगदी खणखणीत काढला. फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. पाणी दिलं तर घेतलं नाही. संध्याकाळी केतकी आली, तिला म्हणाले, रण्या आला न्हाई. नंतर उशी उंच करायला सांगितली आणि दाराकडे बघत बसले. ही दोन्ही वाक्यं एकाच दिवसाची, एकाच तोंडची आहेत. मी त्याच खोलीत होते.'

बाईंनी दोन पाठमोऱ्या डोक्यांकडे बघितलं. एकाचे केस विरळ व्हायला लागले होते, हे त्यांना पडद्यावर कधी दिसलंच नव्हतं.

"म्हणजे खरंच म्हणाले होते ते, येऊ नको," केतकी हळूच म्हणाली.

"मी दुसरं काय सांगत होतो तुला?"

"तेव्हा मला खोटं वाटलं, आणि नंतर माझ्यापर्यंत आलंच नाही रे! 'रणजितला वाईट वाटतंय' एवढंच यायचं."

"आणि हे उशीचं? रण्या आला न्हाई म्हणाले ते? हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं! निरोप धाडून सांगितलं! कळवळून सांगितलं!" केतकी उठून उभी राहिली. आवाज असा चढला की रस्त्यावरचा एक माणूस थांबून बघायला लागला. "आणि तुला सांगायला कशाला लागतं रे? पप्पा जेवायला नको म्हणाले की ताट वाढायचं असतं, हे या घरात मांजरालासुद्धा ठाऊक होतं!"

"मला त्यांनी तोंडावर सांगितलं, ताई! फोनवर! ओरडून!"

"ते कधी न ओरडता बोलायचे?"

बाई स्टुलावर हलल्या नाहीत. दोन वर्षांत या घरात असा आवाज झाला नव्हता. त्यांची छाती धडधडत होती, आणि नाडी जलद झाल्याचं सांगायला कानात कुणी नव्हतं. त्यांना वाटलं, होऊ दे. एका ओळीवरून भांडतायत ना, समोरासमोर, खच्चून. यापेक्षा जास्त त्यांना काही नको होतं.

"दाढी काढ म्हणाले, ऐकलंस?" केतकीचं थांबत नव्हतं. "गाडी हळू चालव म्हणाले, ऐकलंस? परदेशी जाऊ नको म्हणाले, ऐकलंस? सगळ्या जन्मात एकदा तरी त्यांचं ऐकलं होतंस का रे, रण्या? आणि तेव्हाच बरं ऐकलंस!"

रणजितचा चेहरा लहान पोरासारखा वाकडा झाला.

"तेवढं एकच ऐकलं, ताई," तो म्हणाला. "जन्मात तेवढं एकच ऐकलं."

केतकी खाली बसली. बाकडं दोघांपुरतंच होतं, तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला, तो तिनं काढून घेतला नाही. तिनं पदरानं नाक पुसलं आणि कीबोर्ड त्याच्यासमोर सरकवला.

"लिही ते," ती म्हणाली. "आईच्या वाक्याखाली. आत्ता म्हणालास तस्सं."